हौदाला पडलेली रेघ

नळ माझ्या नवऱ्यानं बंद केला होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं त्यात एवढी एकच गोष्ट पक्की खरी आहे, आणि नेमकी तीच कुणाला पटत नाही.

नवरा म्हणजे एव्हारिस्तो. पोहण्याच्या हौदांना गिलावा करण्यात त्याची हयात गेली. फिनिक्समध्ये परसात हौद नसलेलं घर शोधावं लागतं, त्यामुळे कामाला कधी तोटा नव्हता. मोठमोठ्या बंगल्यांतले हौद त्यानं हात फिरवून असे गुळगुळीत केलेत की बायकांनी त्यात तोंड बघावं. आणि आमच्या स्वतःच्या परसातला हौद? तो घराबरोबर आयता मिळालेला. त्याचे पापुद्रे सुटले होते, पायऱ्यांपाशी तडा गेला होता, पाणी कुठे मुरतं ते देवाला ठाऊक. शेजारची पोरं बेडूक बघायला आमच्याकडे यायची. मी म्हणायचे, "जगाचे हौद चमकवतोस आणि घरात मगरी पाळतोस." तो म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की." असे किती उन्हाळे गेले.

मग त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की आता काम बंद, वाकणं बंद, आणि रोज पाण्यात चालायचं. तेव्हा कुठे त्याला परसातला हौद दिसला. "ठरलं," तो म्हणाला. "शेवटचा हौद माझा स्वतःचा. आणि असा करीन की नासारियोनं बघत राहावं."

नासारियो हा त्याचा कोंपाद्रे. आमच्या मुलाचा धर्मपिता तो, त्याच्या मुलीचा हा. दोघांनी एकाच टोळीत काम केलं, आणि जन्मभर एकमेकांच्या कामाला नावं ठेवली. त्यांच्या मैत्रीची रीतच तशी आहे.

आमच्या घरात तिसरं माणूस माझी आई, होविता. वडील गेल्यावर मी तिला मेक्सिकोतल्या सोनोराहून घेऊन आले. ती पोहण्याच्या तलावाला हौदच म्हणायची, म्हणून आम्हीही हौद म्हणतो. तिच्या गावात पाणी ट्रकनं यायचं, आणि ज्या दिवशी यायचं नाही त्या दिवशी यायचं नाही. एव्हारिस्तोही शेजारच्याच गावचा. आम्हा सगळ्यांचे हात एकाच वळणाचे आहेत. नळ वाहताना दिसला की हात आपोआप तिकडे जातो, डोक्याला विचारत बसत नाही. मी तर एकदा दवाखान्यात नर्स हात धूत असताना तिचा नळ बंद केला होता.

आईचं अलीकडे जरा विसरायला होत होतं. घेवड्याचं भांडं चुलीवर विसरली, ते जळून कोळसा झालं. मला एकदोनदा मावशीच्या नावानं हाक मारली, मावशी जाऊन जमाना झाला. माझी धाकटी बहीण इमेल्दा टूसॉनला असते. तिचं फोनवर सुरूच होतं, "ताई, तिला माझ्याकडे पाठव. इथे लिफ्ट आहे, माणसं आहेत, तिला काही करावं लागणार नाही." तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी म्हणायचे, आई मातीशिवाय राहायची नाही, इथे तिच्या कुंड्या आहेत, मिरचीची झाडं आहेत. आईही म्हणायची, "मी काय पेटी आहे, इकडून तिकडे ठेवायला?" आणि विषय तिथे संपायचा.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी नासारियोची टोळी आली. जुना गिलावा त्यांनी आधीच फोडून काढला होता, तडा भरून घेतला होता. त्या दिवशी नवा गिलावा. एव्हारिस्तोनं काठावर खुर्चीत बसून नुसतं बघायचं, असं ठरलं होतं. तो बसला, पण दोन मिनिटांत चुळबुळ सुरू झाली.

"डाव्या कोपऱ्यात पोट आलंय, नासारियो. डोळे घरी ठेवून आलास का?"

"तू खुर्चीत बस, म्हाताऱ्या. पेन्शनर लोकांनी बोलायचं नसतं."

"अरे तुझ्या हातात थापी आहे की पोळी लाटायचं लाटणं?"

शेवटी तो उठला, ओल्या गिलाव्यावर चालायचे खिळ्यांचे बूट चढवले आणि आत उतरला. मी ओरडले, पण कोण ऐकतंय. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी एकदा भिंतीवर चढली की ती कुणासाठी थांबत नाही, तिच्यामागे हातांनी धावावं लागतं. एव्हारिस्तो धावला. वेदनेनं त्याचा चेहरा पिळवटला होता, पण हात मात्र हलका चालला होता. काम संपलं तेव्हा हौद आतून इतका पांढरा दिसत होता की ऊन डोळ्यांत घुसत होतं. नासारियो काहीच बोलला नाही. त्याच्याकडून याहून मोठं कौतुक होत नाही.

आता पाणी. या कामात एक नियम आहे आणि एव्हारिस्तोनं तो अख्ख्या शहराला ओरडून शिकवलाय. नवा गिलावा ओला असतानाच पाणी सोडायचं, आणि एकदा सोडलं की काठाच्या फरशीपर्यंत भरेस्तोवर थांबवायचं नाही. मध्ये थांबलं तर पाण्याच्या कडेला रेघ उमटते, आणि ती परत गिलावा फोडल्याशिवाय जात नाही. "घराला आग लागली तर बादल्यांनी विझवा," तो मालकांना सांगायचा, "पण या नळाला हात लावायचा नाही." एका डॉक्टरीणबाईनं बागेला पाणी घालायला नळी काढली होती, तर त्यानं तिला तिच्याच अंगणात असं झापलं की ती रडली.

त्या दिवशी त्यानं नळाला लाल फडकं बांधलं आणि माझ्या आईपुढे जाऊन उभा राहिला.

"सासूबाई, हा नळ तुमच्यासाठी नाही हं."

"जावईबापू, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तुमच्या हाताचा मला भरवसा नाही."

"आणि तुमचा हात कुठून आलाय? त्याच मातीतून ना?"

सगळे हसले. आई तर सगळ्यांत जास्त.

सगळे जेवले, टोळी गेली, मी बाजारात गेले. मग काय झालं ते एव्हारिस्तोनं मला नंतर सांगितलं. त्या नळाला दोन तोंडं आहेत. एका तोंडाला हौदाची नळी होती, दुसऱ्यावर त्यानं आपली थापी धुतली. दुसऱ्या कुणाला तो थापी धुवू देत नाही. धुतली, अंगठा फिरवून बघितली, खाली ठेवली, आणि नळ बंद केला. वरचा, मुख्य नळ. थापी धुवायची आणि नळ बंद करायचा, हे त्यानं जन्मभर केलं होतं. फडकं हाताला लागलं असणार, पण थकलेल्या हाताला काय कळतं? तो आत आला आणि आडवा झाला.

आई त्यानंतर दोरीवरचे कपडे काढायला बाहेर गेली. दोरी नळापाशीच आहे.

मी आले तेव्हा परसात पाण्याचा आवाज नव्हता. मी हौदाकडे धावले. पाणी सगळ्यात खालच्या पायरीपाशी थांबलं होतं. त्याच्या कडेकडेनं गिलावा उन्हात सुकून वेगळा दिसू लागला होता. मी "कुणी केलं?" असं विचारलं नाही. मी एकच शब्द ओरडले, "आई!"

ती कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात आली.

"नळ बंद केलास?"

"मी? नाही ग. मी हात नाही लावला."

"मग काय मांजरानं लावला? घरात दुसरं होतं कोण? तो झोपलाय!"

"मी कपडे काढत होते..."

"लाल फडकं दिसलं नाही तुला?"

"दिसलं की. म्हणूनच मी..." ती थांबली. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. "मला वाटतं, मी नाही."

"वाटतं! भांडं जळलं तेव्हाही तुला असंच वाटत होतं!"

हे शब्द माझ्या तोंडचे आहेत. ते आठवले की आजही कुठे तोंड लपवू असं होतं. जिनं मला जन्म दिला तिला मी शेजारपाजाऱ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात वेड्यात काढलं, आणि तेही एका नळासाठी.

आवाजानं एव्हारिस्तो अनवाणी बाहेर आला. पाणी बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो नळापाशी गेला, वाकला आणि तसाच वाकून राहिला. मला वाटलं, कमर धरली. त्याला खाली त्याची थापी दिसली होती, नळाच्या थेंबांनी अजून ओली. त्यानं नळ पुन्हा सोडला, सरळ झाला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात फाटकातून नासारियो आला, हातात थंड बिअरच्या बाटल्या. त्यानं हौद बघितला आणि लांब शीळ घातली.

"कोंपाद्रे! हे काय? त्या डॉक्टरीणबाईला बोलवा रे कुणीतरी, तिला आज हसायचंय! कुणाचा पराक्रम हा?"

एव्हारिस्तोनं तोंड मिटलं. मीच म्हणाले, "आईचा."

नासारियोचं हसू विरलं. त्यानं टोपी काढली. "असू दे, होविताबाई. होतं असं. वय झालं की होतंच." तो इतक्या प्रेमानं म्हणाला, आणि त्या प्रेमानंच घात केला. आईनं मान हलवली. "हो," ती म्हणाली. "मीच केलं असेल."

हौद दुसऱ्या दिवशी भरला. पाण्याखाली रेघ स्पष्ट दिसत होती, भोवतीनं फिरलेली, करडी. एव्हारिस्तो पाण्यात उतरला नाही. तो जेवेना, बोलेना. मला वाटलं, हौदाचं दुःख करतोय. म्हणून मी आईला, माझ्या आईला, सांगितलं, "चार दिवस त्याच्या समोर येऊ नकोस." ती येईनाशी झाली. आपलं ताट घेऊन खोलीत जेवू लागली.

आणि मग ती विचारू लागली.

"ओरालिया, नळ उघडू का?"

"अग आई, विचारतेस काय?"

"उघडला होता तो बंद केला ना मी? जरा जाऊन बघशील?"

चूल पेटवणं तिनं सोडून दिलं. कुंड्यांना पाणी घालायचं तर मला हाक मारायची आणि शेजारी उभी राहायची, हात एप्रनखाली दडवून, जणू ते हात नजरेआड झाले की काहीतरी करून बसतील. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चित्रं दाखवली, शब्द विचारले आणि म्हणाले, वयाच्या मानानं चांगलं आहे, थोडं विसरणं चालायचंच. आईनं त्यांना सांगितलं, "डॉक्टर, डोकं ठीक असेल हो. पण माझे हात मला न सांगता कामं करतात. आज नळ आहे, उद्या गॅस असेल."

घरी येऊन तिनं स्वतः इमेल्दाला फोन लावायला सांगितला. "मला घेऊन जा," म्हणाली. मी रडले, हातापाया पडले. तिचा निश्चय झाला होता. ईस्टरला इमेल्दा येईल, सोमवारी तिला घेऊन जाईल, असं ठरलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी मांसाला मसाला चोळत होते. एव्हारिस्तो स्वयंपाकघरात आला आणि दार लोटलं.

"नळ मी बंद केला होता," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. कुठला नळ? मग त्यानं थापीचं सांगितलं.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"तेव्हाच. वाकलो तेव्हाच."

"आणि तू गप्प बसलास?"

"सांगणार होतो. तेवढ्यात नासारियो आला. त्याच्यासमोर तोंडच उघडेना, ओरालिया. जन्मभर लोकांना त्या नळावरून शिव्या दिल्या मी. म्हटलं तो गेला की सांगतो. तो गेला, तर वाटलं उद्या सांगतो. मग तिनं स्वतःच कबूल केलं, आणि मग... ते रोज जडच होत गेलं."

"तिनं कबूल केलं कारण मी तिच्यावर ओरडले! तिला स्वतःवर विश्वास राहिला नाही, एव्हारिस्तो! ती पाणी प्यायला माझी परवानगी मागते!"

"माहीत आहे."

"लाज नाही वाटत?"

"तेवढंच वाटतंय सध्या," तो म्हणाला.

मी त्याला तसाच तिच्या खोलीत ढकलणार होते, पण तोच म्हणाला, "उद्या. सगळ्यांसमोर. चार माणसांत तिची अब्रू गेली, तर चार माणसांतच परत द्यायला हवी." मला ते पटलं.

ईस्टरच्या दुपारी सगळे परसात सावलीला बसले होते. नासारियो, त्याची बायको, इमेल्दा. आई टोकाला, हात एप्रनखाली. मांस भाजून झालं होतं, पण कुणी ताटाला हात लावायच्या आत एव्हारिस्तो उभा राहिला.

"एक सांगायचंय. त्या दिवशी नळ सासूबाईंनी बंद केला नाही. मी केला. थापी धुतली आणि बंद केला. नंतर भित्र्यासारखा गप्प बसलो. सासूबाई, चूक माझी आहे. तुम्ही कशाला हात लावला नव्हता."

मग आई उठली, त्याच्यापाशी गेली, आणि आठवड्यात पहिल्यांदा एप्रनखालून हात काढून त्याचा चेहरा ओंजळीत धरला. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, सुटलो.

"बघा ग पोरींनो," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "जावई असावा तर असा. सासूनं जाऊ नये म्हणून खोटं बोलतोय. तेही सणाच्या दिवशी."

"अहो, खोटं नाही! खरंच मी..."

"कोंपाद्रे," नासारियो म्हणाला. "तुझं मन मोठं आहे रे. पण तू आणि नळ बंद करणार? मी तुझ्याबरोबर जन्म काढलाय. तुझा हात तुटेल, पण भरत्या हौदाचा नळ तू बंद करणार नाहीस."

"केला! थापी नळाखाली होती, ओली होती!"

"तू रोज तिथेच धुतोस ना ती?"

एव्हारिस्तो ओरडू लागला. तो जितका ओरडला तितके सगळे गहिवरत गेले. मी उठले. "आई, तो खरं सांगतोय. त्यानं मला काल सांगितलं."

"काल ठरवलंत होय दोघांनी," आई म्हणाली आणि माझ्या गालावर हलकेच चापट मारली.

इमेल्दानं मला बाजूला घेतलं. "ताई, आता पुरे. तुमचं प्रेम कळलं. पण तिनं एकदा मनाशी मान्य केलंय. परत नाही म्हणून तिला गोंधळात टाकू नका. अशानंच माणसं खचतात."

आठ दिवसांपूर्वी सगळ्यांसमोर मीच बोट दाखवलं होतं. तेव्हा कुणी पुरावा मागितला नव्हता.

सोमवारी सकाळी इमेल्दानं गाडीत सामान ठेवलं. आईनं कुंड्या नेल्या नाहीत, म्हणाली तिथे उगीच मरतील. मला मिठी मारली, आणि गाडीचं दार उघडल्यावर ती तशीच थांबली. दाराला धरून उभी.

"जावईबापू, इकडे या."

एव्हारिस्तो गेला.

"तो तुमचा शेवटचा हौद होता. मला काय कळत नाही? एवढ्या दुखण्यात आत उतरलात, आणि मी बिघडवला. मला माफ केलं असं म्हणा. म्हणजे मी निवांत जाईन."

"आई, तुम्ही काही केलं नाही." तो तिला पहिल्यांदाच आई म्हणाला.

"तसं नको. ते तुमचं चांगुलपण झालं. ते मी बघितलं काल. आता मला माफी पाहिजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, मी काही बोलेन, मी यातून सोडवीन. इमेल्दानं गाडी चालू केली होती. आई दार सोडेना. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं की याच्याशिवाय ती टूसॉनला पोचली तरी रात्रभर झोपायची नाही.

"माफ केलं," एव्हारिस्तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"माफ केलं, आई."

तिचे खांदे सैल झाले. मग तिनं त्याच्या कपाळावर क्रूस काढायला हात वर केला. ती ठेंगणी, तिचा हात पोचेना. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, तरी तो वाकला, आणि तिचा आशीर्वाद देऊन होईपर्यंत तसाच वाकून राहिला.